खालच्या तारेवरचा तिसरा सूर

प्रिय दादा,

"सूर असे सुटे सुटे वाजवायचे म्हणजे घरातल्या माणसांना एकेका खोलीत बसवून जेवायला वाढण्यासारखं आहे," असं बाबा त्या सकाळी म्हणाले होते. तुला आठवत असेलच. सगळे हसले होते. तू काचेच्या मागे होतास, तूही हसलास आणि माइकचं बटण दाबून म्हणालास, "बाबा, आज एवढं एकदाच. उद्यापासून पुन्हा एका पंगतीला." तू ते मनापासून म्हणाला होतास. तुला खरंच तसं वाटत होतं, हे मी आजही कोणालाही शपथेवर सांगेन.

आज हे सगळं काढायचं कारण म्हणजे तुझ्या ऑफिसातून आलेला मेल. "आदरणीय मॅडम" अशी सुरुवात होती. चोवीस वर्षांपूर्वी भरलेल्या व्हायोलिनच्या सुरांच्या त्या संचाची, ज्यातले सूर आता कोणीही कीबोर्डवर बोट ठेवून वाजवतं, नवी, स्वच्छ आवृत्ती निघते आहे. खालच्या तारेवरचा तिसरा सूर, हळू आवाजातला, त्याच्या सुरुवातीला माणसाचा श्वास ऐकू येतो, वापरणाऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि श्वास सुरात असा मिसळला आहे की काढायला गेलं तर सूरच तुटतो. मूळ टेप आपल्याकडे असल्याचं सरांकडून कळलं, तरी कृपया पाठवावी. सर म्हणजे तू. मी दोनदा वाचला आणि मग कपडे वाळत घातले. तू स्वतः फोन केला असतास तर बहुधा मी काहीतरी वेडंवाकडं बोलले असते, म्हणून केला नाहीस तेच बरं झालं. लिहिताना निदान खोडता येतं.

टेप माझ्याकडेच आहे. कपाटात वरच्या खणात, आईच्या शिवणाच्या डब्याशेजारी. रेकॉर्डिंगचे ते दोन दिवस मला जसेच्या तसे दिसतात. बारा खुर्च्या होत्या आणि त्या कुरकुरतात म्हणून आदल्या दिवशी तू आणि मी त्यांच्या पायांना जुन्या चादरींच्या पट्ट्या बांधल्या होत्या. घड्याळं काढून ट्रेमध्ये ठेवायला लावली होती. एसीचा आवाज येतो म्हणून तो बंद होता, आणि बारा माणसं घामाने निथळत होती. तुझ्या हातात लांबलचक यादी होती. चार तारा, प्रत्येक तारेवरचा प्रत्येक सूर, तो आधी हळू, मग मध्यम, मग जोरात, गज एकदा खाली, एकदा वर. प्रत्येक सुरानंतर तो पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही. एक सूर झाला की तू टिक करायचास. त्या पेनाचा आवाजही टेपवर येईल म्हणून बाबांनी तुला काचेतून दटावलं होतं, तेवढीच काय ती गंमत.

आणि गुणगुणेकाका. मागच्या रांगेतले, बाबांचे तीस वर्षांचे सोबती. नाव तूच ठेवलंस, सहावीत असताना. वाजवताना ते नकळत गुणगुणायचे. एरवी गाण्याच्या गलक्यात ते कोणाला कळायचं नाही, पण सुट्या सुरात कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू फार अदबीने त्यांना म्हणालास, "काका, तुम्ही जरा बाहेर बसता का?" ते उठले, व्हायोलिन पेटीत ठेवलं, आणि दिवसभर जिन्यात बसून राहिले. घरी गेले नाहीत. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "तुझ्या भावाचा कान तयार आहे हो. बत्तीस वर्षांत मला कोणी पकडलं नव्हतं."

मी तेव्हा एकवीस वर्षांची. सूर कापायचं ते यंत्र नुकतंच शिकले होते आणि स्वतःवर भलतीच खूश होते. तू मला काम दिलंस ते एवढंच, प्रत्येक सुराच्या पुढचं आणि मागचं कापायचं. सूर जिथे सुरू होतो तिथेच तो सुरू झाला पाहिजे, केसभरही आधी नको. "तुझं नावच कात्री, तुला काय शिकवायचं," म्हणालास. लहानपणी मी वर्तमानपत्रं कापायचे म्हणून तू ठेवलेलं नाव, ते असं कामी आलं. मी आठ दिवस हेडफोन लावून कापत बसले. तेव्हा कळलं की प्रत्येक सुराच्या आधी बाबा श्वास घ्यायचे. नाकाने, लहानसा, जरासा वर ओढलेला. त्या श्वासावरच बाकीचे गज उचलायचे. बारा माणसं एका क्षणी सुरू व्हायची ती त्याच्यामुळे. कोणी मोजत नव्हतं, कोणी खूण करत नव्हतं. आणि माझं काम नेमकं तेच कापून टाकायचं होतं. आठ दिवसांत मी बाबांचे शेकडो श्वास कापले, दादा. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. साफसफाईच वाटली.

पुढचं तुला माहीत आहे. संच सगळीकडे गेला, तू त्यावरच गाणी करून संगीतकार झालास. बाबांची बोलावणी आधी महिन्यातून दोन झाली, मग सणावारासारखी, मग बंदच. लोक म्हणायचे, तुमच्या आवाजाची सर कशाला नाही, म्हणूनच तो विकत घेतला. बाबा ते ऐकून घ्यायचे. पेटी उघडून तारा लावायचे, पुसायचे, पेटी बंद करायचे. गुणगुणेकाका पंख्यांच्या दुकानात बसू लागले. तिथे म्हणे खूप गुणगुणता येतं, सगळे पंखे चालू असतात. हा त्यांचाच विनोद. आमच्याकडे शेवटचे आले तेव्हा सांगून गेले.

तू वाईट गाणी केलीस असं मी म्हणत नाही. कधी म्हटलंही नाही. मी कोण बोलणारी, माझं पोट आता गाण्यांचे पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे करण्यावर चालतं. आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ आहे की पहिल्या पाच सेकंदांत आवाज आला नाही तर माणूस बोटाने गाणं पुढे ढकलतो. बाबांच्या वेळी गायिका तोंड उघडायच्या आधी चाळीस-चाळीस सेकंद नुसती व्हायोलिनं वाजायची आणि ऐकणारे थांबायचे, कारण ढकलायला बोटाखाली काही नव्हतं. आता सुरुवात गेली, मधले तुकडे गेले, गाणं अडीच मिनिटांवर आलं. पण परवा माझी मुलगी कानात इयरफोनची बोंडं घालून खिडकीपाशी रडत होती. मी विचारलं तर एक बोंड मला दिलं. गाण्यात एकही वाद्य नव्हतं, नुसता ठोका आणि एका मुलीचा यंत्रातून काढलेला पातळ आवाज. मला काही कळलं नाही. रडू मात्र खरं होतं. बाबा असते तर म्हणाले असते, रडू आलं ना, मग झालं, वाजवलं कशावर ते विचारू नये. ते तुझ्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा या बाबतीत मोठ्या मनाचे होते.

तुला हे पटणार नाही. तुझ्या डोक्यात बाबा म्हणजे तुझ्या पहिल्या मोठ्या गाण्याच्या दिवशी न हसलेले बाबा. त्या दिवशी तू पेढीवरच्या कारकुनासारखा ताठ बसला होतास, त्यांच्याकडे बघत. गाणं संपल्यावर तू म्हणालास, "बाबा, तुम्हाला त्या रेकॉर्डिंगच्या वेळी कळलंच नव्हतं तुम्ही कशाला होकार देताय ते. त्यात माझी काय चूक?" आणि बाबा म्हणाले, "नसेल कळलं." इतकंच. त्यानंतर तू वर्षातून एकदा यायचास, वहिनीला पुढे करून, आणि त्या दोघांचं हवापाण्यावर बोलणं चाललेलं तू ऐकत बसायचास.

मागच्या वर्षी मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले होते. त्यांना जिना चढताना दम लागायला लागला होता. बाहेर बाकावर आम्ही नंबराची वाट बघत होतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर साबणाच्या पावडरची जाहिरात लागली. एकदम बाबांनी बोट वर केलं. "हा मीच आहे," म्हणाले. शेजारच्या बाईंनी टीव्हीकडे बघितलं, मग यांच्याकडे. पडद्यावर एक बाई पांढरा शर्ट उन्हात धरून उभी होती आणि तिच्या मागे तो सूर लांबत होता, लांबतच होता. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "पण माझा गज एवढा लांब कुठे होता?" मग हसले, हसताना खोकले, आणि आमचा नंबर आला.

ते गेले त्या दिवशी तू आलास आणि संध्याकाळी परत निघालास. गॅलरीत चपला घालता घालता तू खाली बघत मला विचारलंस, शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का. मी "नाही" म्हणाले. दादा, ते उत्तर मी देऊन टाकलं, पण ते पूर्ण नव्हतं. आता उरलेलं सांगते.

रेकॉर्डिंगच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तू कोणाचा तरी फोन घ्यायला बाहेर गेलास. टेप चालूच राहिली. तुला माहीत नव्हतं, त्यांनाही माहीत नव्हतं. खालच्या तारेवरचे दोन सूर झाले होते. गुणगुणेकाका पाणी प्यायला आत आले आणि बाबांच्या खुर्चीपाशी थांबले. टेपवर ते हळूच म्हणतात, "तुला समजतंय ना रे, आपण काय करतोय ते? हे भरून झालं की आपल्याला कोण बोलावणार?" बाबांनी तार एकदा छेडून पाहिल्याचा आवाज येतो. मग म्हणतात, "समजतंय. या कंपनीवाल्यांनी दुसरं कोणी बसवलं असतं तर तेही झालंच असतं, थांबणारं नव्हतं ते. निदान पोराचं पाऊल पडतंय. आणि तुम्हा सगळ्यांना मी यात ओढलं, त्याबद्दल मी तुझा अपराधी आहे." काका म्हणतात, "पोराला सांगितलंस?" "त्याला कशाला? त्याचे हात जड होतील." मग दार वाजतं. तुझा आवाज येतो, "बाबा, तिसरा सूर, हळू." आणि बाबा श्वास घेतात.

मी हे एकविसाव्या वर्षी हेडफोनमध्ये ऐकलं. त्यांना विचारायची हिंमत व्हायला तुझं-त्यांचं ते बोलणं व्हावं लागलं. तू तणतणत निघून गेल्यावर मी म्हणाले, मला माहीत आहे, तुम्हाला सगळं कळत होतं, मी दादाला टेप ऐकवते. बाबा पेटी पुसत होते. म्हणाले, "नको. आपण बाबांना फसवलं असं वाटलं तर तो चार दिवस वाईट वाटून घेईल आणि कामाला लागेल. बाबांनी जाणूनबुजून दिलं असं कळलं तर त्या कीबोर्डवर बोट ठेवताना दर वेळी थांबेल. थांबलेल्या माणसाकडून काही वाजत नाही." मी शब्द दिला. आणि ते असेपर्यंत पाळला. तुला तोडून बोलताना पाहिलं, त्यांना गप्प बसताना पाहिलं, आणि पाळला. बरोबर केलं की नाही ते मला आजही माहीत नाही. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या उशाशी बसून त्यांचा श्वास ऐकताना वाटायचं की आता तुला फोन लावून तो यांच्या तोंडाशी धरावा. नाही धरला.

टेप या पत्राबरोबरच पाठवते आहे. ते बोलणं जिथे लागतं तिथे कागदाची पट्टी लावली आहे. तुझ्या माणसांना सांग, त्या तिसऱ्या सुराचा दुसरा टेक लगेच पुढे आहे आणि तो अगदी स्वच्छ आहे. हो, तेव्हाही होता. तुम्ही सगळे आता ज्याला माझ्या हातून राहिलेली चूक समजता ती चूक नव्हती. मी दोन्ही ऐकले होते, आणि स्वच्छ टेक बाजूला ठेवून श्वासाचा टेक संचात घातला. शेकडो कापल्यावर तो एक माझ्याच्याने कापवला नाही. तेव्हापासून तो दुकानात, लिफ्टमध्ये, जाहिरातीत, कुठल्या कुठल्या मुलांच्या गाण्यांत अचानक येतो, आणि मी जिथे असेन तिथे उभी राहते. तुझ्याही गाण्यांत तो अकरा वेळा आला आहे. तू अकरा वेळा बाबांच्या श्वासावर सुरू झालास आणि तुला ते ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. तुझे हात जड झाले तर तो दोष माझा, त्यांचा नाही.

म्हणून एकच मागते, दादा. बाकी सगळा संच चकचकीत कर, पण हा एक सूर आहे तसा राहू दे. मला माहीत आहे तू काय म्हणशील. इतक्या लोकांच्या तक्रारी आहेत, कामात अशा गोष्टी मधे आणायच्या नसतात, आणि एका श्वासाने काय होतं. तू नाहीच म्हणशील. तरी राहू दे.

तुझीच,
कात्री