अमावस्येचं प्रस्थान

१६ जानेवारी १९४७, टेंभुर्णी
द्वारकाची छाती भरली. महिना झाला, बायको अंथरुणाला खिळलेली. जालन्याचे डॉक्टर म्हणले, इंजेक्शन हैदराबादला मिळंल, हप्त्याच्या आत आणा. आणतो की! येताना इमानानं. टेंभुर्णीचं अजून कुणी इमानात बसलं न्हाई. मेव्हणा भुजंग म्हणला, दाजी, रेल्वे सरळ जालन्याला येती. इमान औरंगाबादला उतरवणार, तिथून उलटं यायचं. जळतो मेला.

२१ जानेवारी, हैदराबाद, संध्याकाळ
इंजेक्शन घेतलं. तिकीट उद्याचं, अन् उद्या अमावस्या! निघणं बराबर न्हाई. मंग आजच प्रस्थान ठेवलं. वाटेवरच्या घरी आपली वस्तू आदल्या दिवशी नेऊन ठेवली की आपण निघालोच, अमावस्या गेली उडत. आपल्या गावचा लालमियाँ दर्जी इमानतळाच्या रस्त्यावर राहतो. त्याच्याकडं जरीचा फेटा ठेवणार होतो, पण तो उद्या बांधायचा. म्हणून इंजेक्शनचं गठुडं ठेवलं. लालमियाँ म्हणला, पाटील, भूल जाओगे. मी म्हणलो, बायकोचा जीव हाय त्यात, भुलंल कसा?

२२ जानेवारी, औरंगाबाद
बसलो एकदाचा! सकाळी इमान कंपनीची मोटार न्यायला आल्ती. लालमियाँ गठुडं घेऊन दारात उभा. थांबवा म्हणणार होतो, पण शेजारी दोन सुटाबुटातले साहेब. त्यांच्यादेखत गठुड्यासाठी मोटार थांबवायची? बिलकुल गावंढळ दिसलं असतं. लालमियाँ मागं पळालाबी थोडा. मी तिकडं बघितलं न्हाई.

वरून ढग पाह्यले. ओकलो, पण एकदाच.

उतरल्याबरोबर तार केली, गठुडं पुढच्या इमानानं पाठव. पुढचं इमान शनिवारी. रेल्वेनं उद्याच आलं असतं, पण मंग भुजंग दात काढंल. दोन-तीन दिवसांत काय होतंय?

२३ जानेवारी, टेंभुर्णी
भुजंगानं इचारलं, इंजेक्शन कुठंय? सांगितलं, इमानानं येऊन राह्यलं. त्यानं कपाळ बडवून घेतलं. नवीन व्यवस्था त्याला समजत न्हाई.

द्वारकाला धाप लागली व्हती, तरी इचारलं, वरून आपलं घर दिसलं का. म्हणलो, तर! तू अंगणात उभी व्हतीस, हात हलवत व्हतीस. म्हणली, मी तर महिना झाला उठले न्हाई. मंग भिंतीकडं तोंड केलं. आजारात माणूस चिडकं होतं.

२४ जानेवारी
पहाटे द्वारका गेली. अमावस्या बाधली. मी प्रस्थान ठेवलं व्हतं म्हणून वाचलो.

२६ जानेवारी
गठुडं आलं. भुजंग ते मांडीवर घेऊन लेकरावानी रडला. गड्यामाणसानं इतकं रडू न्हाई.

भेटायला सारा गाव येऊन राह्यला. ओसरीत बसायला जागा न्हाई, पण इमानाचं एकानंबी इचारलं न्हाई. शेवटी मीच इषय काढला. ढगांपर्यंत आलो, अन् बघतो तर लोक उठून चालले.