पाच फूट दहा इंच

नोवी साद, युगोस्लाव्हिया
१४ सप्टेंबर १९८१

चि. झुंबर हिला राधाकिशनमामाचे, इतक्या लांबून निघाले तरी न आटलेले, अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी खुशाल आहे. करडईच्या माणसाला विद्यापीठानं सूर्यफूल शिकायला पाठवलंय, ते शिकतो आणि अक्कानं दिलेली जवसाची चटणी पावाला लावून खातो. परभणी स्टेशनवर सगळे आले होते, तू तेवढी नव्हतीस. वैशाखात मानवतचे लोक तुला पाहून गेले तेव्हापासून तू माझ्याशी बोललेली नाहीस. मुलाच्या आईनं, दिनकररावांच्या सुमनबाईंनी, भर बैठकीत तुझ्या साडीचा काठ उचलला आणि सून न्यायची की माळ्यावरचं काढायला शिडी न्यायची, असं म्हणून हसल्या. ते माझ्याही कानातून जात नाही. त्या घराचं वाटोळं होवो.

माझ्या खोलीसमोर छप्पर असलेलं बास्केटबॉलचं मोठं मैदान आहे. तिथं मिल्येना व्रानिच नावाची मुलगी खेळते. उंची सहा फूट दोन! इथल्या पोरी तिचे फोटो वहीत चिकटवतात. पंधरा वर्षांची असताना तिच्या गावच्या क्लबाच्या अध्यक्षानं, ही नुसती वाढलीय, म्हणून तिला काढून टाकलं. ती इथं आली. आज पंचविशीत तिच्या नावावर तीन वेळा देशाचं अजिंक्यपद, सलग दोन वर्षं सगळ्यांत जास्त गुण आणि देशाच्या संघाकडून नव्वद सामने आहेत. घरमालकीण सांगते की त्या अध्यक्षाचं नाव तिनं बुटाच्या आत लिहून ठेवलंय.

तुमच्या कॉलेजात मैदान आहे ना? विचारून बघ. अक्काला नमस्कार सांग. राग धरायचा तर धर, पण लोभाला गाठ मारू नकोस.

तुझा
राधाकिशनमामा


झरी, ता. परभणी
२ नोव्हेंबर १९८१

ती. मामांना झुंबरचा, अबोला धरूनसुद्धा, शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. परदेशी तिकिटासाठी पोस्टमन ओट्यावर ठाण मांडून बसला, ते काढून दिल्यावरच हलला. आई म्हणती, राधाकिशनला लिही, तिकडं काईबाई खाऊ नको म्हणावं.

मिल्येनाचं वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी कॉलेजात खेळाच्या सरांना जाऊन भेटले. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तसं पाहून खूश झालेला हा पहिलाच माणूस! घरी दुरडीचं बूड काढून ती गोठ्याच्या मेढीला उंच बांधलीय आणि रोज दोनशे वेळा चेंडू टाकते. बैल पार वैतागलेत. मानवतचं जमलं नाही म्हणून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आई शेजारी सांगत फिरती.

बुटाची गोष्ट मला लय आवडली. माझ्या मापाचे बूट पुरुषांतच मिळाले. डाव्यात दिनकरराव लिहिलं, उजव्यात सुमनबाई. दोघांना रोज तुडवते आणि रात्री झोप छान लागते. अजून एक नाव आहे. ते कुठं लिहायचं ते ठरलं नाही.

मिल्येनाचं आणखी कळवा. तुमचा लोभ असेलच, माझा सध्या अर्धाच समजावा.

झुंबर


नोवी साद
६ मे १९८२

चि. झुंबर हिला मामाचे अनेक आशीर्वाद, आणि चेंडू दुरडीत पडो असा एक वेगळा. वि. वि.

जे मागितलंस तेच लिहायला बसलोय. परवा अंतिम सामना झाला. समोर कोण, तर मिल्येनाला काढून टाकणारा तिच्या गावचाच क्लब! पोरीनं एकटीनं एकतीस गुण केले आणि चौथं अजिंक्यपद घेतलं. मागच्या महिन्यात युरोपातल्या क्लबांचा चषकही तिनंच आणलाय.

पण खरी गंमत पुढं झाली. पदकं घालायला तोच अध्यक्ष आला. माणूस बुटका. बाकीच्या पोरी एकेक करून वाकल्या, मिल्येना वाकली नाही. सरळ समोर बघत उभी राहिली. तो टाचा उंचावतो, हात ताणतो, फीत काही डोक्यापर्यंत जात नाही. शेवटी कुणीतरी खुर्ची आणली आणि त्या खुर्चीवर चढून त्यानं पदक घातलं. पाच हजार माणसं हसत होती. सूड घ्यावा तर असा! मीही टाळ्या वाजवल्या. मग मधेच वाजवायचा थांबलो. का थांबलो ते पत्रात लिहिता येत नाही.

पुढच्या चैत्रात परत येतोय. तिसरं नाव कुणाचं ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारत नाही. जमेल तेवढा लोभ ठेव.

तुझा
राधाकिशनमामा


झरी
१९ जानेवारी १९८३

ती. मामांना झुंबरचा नमस्कार. शि. सा. या वेळी का नाही ते शेवटी लिहिते. वि. वि.

मानवतला कॉलेजांचे सामने झाले. स्वागताध्यक्ष दिनकरराव! अंतिम सामन्यात आमचे एक्केचाळीस गुण झाले, त्यांतले चोवीस माझे. सुमनबाई पहिल्या रांगेत, जरीचं लुगडं नेसून. दिनकरराव पदक घेऊन माझ्यासमोर आले, मी कोण ते त्यांना आठवलं आणि चेहरा पडला. मी वाकले नाही. त्यांनी टाचा उंचावल्या. सर मागून खुणा करायला लागले, तरी मान ताठच ठेवली. मग मी सुमनबाईंकडं बघून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, की काकू, माळ्यावरची शिडी आणू का. पोरं शिट्ट्या वाजवायला लागली. दिनकरराव स्टुलावर चढले तेव्हा त्यांचा फेटा सुटला. मामा, इतका गोड दिवस मी पाहिला नव्हता. घरी येऊन दोन्ही बुटांतली नावं पुसली. राज्याच्या संघासाठी निवडही झालीय.

आता तुमचं.

मानवतचे लोक बैठकीत बसले होते तेव्हा तुम्ही चुलीपाशी आलात आणि कानात सांगितलंत, की साडीच्या आत गुडघे वाकवून उभी राहा, दोन इंच कमी दिसशील, स्थळ हातचं घालवू नको. मी ऐकलं. मुलाशेजारी पाव तास तशी उभी राहिले. मांड्या थरथरायला लागल्या म्हणून सुमनबाईंना संशय आला आणि त्यांनी काठ उचलला. उंच पोरगी नापसंत झाली असती तर होऊ द्यायची होती. ते हसले ते वाकलेल्या गुडघ्यांना, आणि ते गुडघे तुम्ही वाकवले होते. मी तुमच्याकडं पाहिलं तर तुम्ही घड्याळाला चावी देत होता. नंतर इतकं लिहिलंत, सुमनबाईंना शिव्या दिल्यात, त्या अध्यक्षाला हसलात, पण स्वतःबद्दल एक ओळ नाही.

तिसरं नाव तुमचंच होतं. बुटात लिहिलं नाही, मामाला पायाखाली घालायला मन होईना. पण तुमच्या पायांपर्यंत वाकणंही आता होणार नाही.

चैत्रात स्टेशनवर मी येणार, सगळ्यांच्या पुढं उभी असेन. आई मागून ढकलील, पाया पड म्हणील, तरी मी उभीच राहणार. आशीर्वाद द्यायचा असेल तर हात वर करून द्या.

लोभ आता पुरता आहे, तोही उभ्यानंच.

झुंबर
उंची पाच फूट दहा इंच