लडकूचा सातवीचा दाखला

कामतघर, भिवंडी
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय राघो,

तू आणि मी अंगठा उठवणाऱ्या बापाची पोरं. कागद पुढे आला की बाप चारचौघांत मान खाली घालायचा, हे दोघांनी पाहिलंय. मला चौथीतून काढून तुला शिकवलं, ते घरात एक तरी मान वर राहावी म्हणून. मी मागाहून युनियनच्या कपाटातली पुस्तकं वाचली, गेटसभांत बोलू लागले. तू मास्तर झालास. लूमवरच्या बायांना मी अभिमानाने सांगायचे, माझा भाऊ पोरांना अंगठ्यातून सोडवतो.

पाड्यावरच्या ठकुबाईचा लडकू तुझ्याच शाळेतला. गेल्या मंगळवारी ठाण्याला मिलिटरीची भरती होती, तिथे सातवी पासचा दाखला मागत होते. लडकू धावण्यात पहिला आला. छाती भरली, वजन भरलं. तुझ्या सहीचा दाखला त्याने पुढे केला. साहेबाने वाचायला मराठी पेपर दिला. चित्र बघून पोराने तो सुलटा धरला आणि चित्रावरच बोट फिरवत राहिला. रांगेतून कुणी ओरडलं, "सातवी कुठली रे, गोठ्यातली?" सगळं मैदान हसलं. साहेबाने विचारलं, "सर्टिफिकेट किससे बनवाया?" हा म्हणाला, "मास्तरांनी दिला, साब." मग आणखीच हसले.

तिथून तो थेट माझ्या खोलीवर आला. म्हणाला, "ताई, मी पास हाय. म्हंजे मला वाचता येतच असंल ना? तिथं भ्यालो म्हून आलं न्हाय, व्हय ना?" मी पाटीवर त्याचंच नाव लिहून पुढे ठेवलं. त्याला ते ओळखता आलं नाही.

मग एकेक बाहेर आलं. भाताच्या आवणीला पोरं तुझ्या शेतात, कापणीला तुझ्या खळ्यावर, एरवी तुझ्या म्हशींमागे. जो राबायला आला तो पटावर हजर, जो हजर तो वर्षअखेर पास. आणि पाड्यावरची माणसं तुझे उपकार मानतात! त्यांना वाटतं, शाळा अशीच असते. मास्तरांची चाकरी केली की विद्या अंगात उतरते. बापाच्या अंगठ्याची लाज वाटणाऱ्या माणसा, सात वर्षं तू अंगठेच पिकवलेस. दिवाळीला तुझ्याकडचा नवा तांदूळ मी पोटभर खाल्ला. आवणी कुणी केली, हे विचारलं नाही. तेवढं पाप माझंही.

साहेबाने तो दाखला बनावट ठरवून ठेवून घेतलाय. शुक्रवारी लडकूला भिवंडीच्या पोलीस चौकीत बोलावलंय. खोटा कागद केल्याचा गुन्हा नावावर चढला, तर मिलिटरी सोड, त्याला झाडू मारायचीही सरकारी नोकरी मिळायची नाही. कागदावरची सही खरी आहे, हे तुझ्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. तुझी नोकरी जाईल. तुळजा तुमच्या पोरांना घेऊन रडत माझ्या दारात येईल. मी त्यांना जेवू घालीन आणि तुझी बाजू एका शब्दाने घेणार नाही. शुक्रवारी सकाळी दहाला चौकीत ये आणि त्या पोरासमोर स्वतःच्या हाताने लिहून दे: दाखला मीच दिला, आणि याला एक अक्षरही न शिकवता दिला.

तुझीच,
मैनाताई