आडोसा नसलेली तहान

भाद्रपद वद्य पंचमी, बुधवार

लातूर आता जिल्हा झालं, म्हणून हिला आज लांबच्या जुन्या जिल्ह्याला न नेता तिथल्याच दवाखान्यात नेलं. लघवीला जळजळ होते. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. रंग कोऱ्या चहासारखा. म्हणाले, "मावशी, अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडं लघवीतलं पाणी परत ओढून रक्तात सोडतात. म्हणून ती अशी घट्ट होते. पाणी प्या, नाहीतर खडे होतील."

ही खाली बघून म्हणाली, "पिऊन मग बसायला जाऊ कुठं, डाक्टर? औंदा रानात पीकच न्हाई. आडोसा कशाचा?"

इतक्या वर्षांच्या संसारात मला हे दिसू नये? घरात घागर भरलेली, आणि ही अंधार पडेपर्यंत कोरडी. तिचं शरीर आतल्या आत थेंब वाचवत बसलेलं.

घरामागं आडोशाला कूड घालावा म्हटलं, तर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्याही चुलीत गेल्या. परतताना हीच हसली, "जिल्हा जवळ आला बघा, आडोसा लांब गेला."

त्या बाटलीचा रंग डोळ्यांपुढून हलत नाही. संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, तेव्हा डोक्याएवढी उंच ज्वारी मागितली. कणसं नाही भरली तरी चालेल म्हटलं, धाटं तेवढी उभी राहू देत.