दारावरचं त्याचं नाव

३ मार्च

आणखी एक विद्यार्थिनी गेली. फोनवर म्हणे, "मॅडम, समोरच्यांकडे नवी गाडी आहे ना, म्हणून." समोरच्यांकडे! अठरा वर्षं माझा नवरा होता तो समोरचा. आपल्याच क्लासमधली फॉर्म भरणारी पळवली, तिच्याशी लग्न केलं आणि रस्त्यापलीकडे स्वतःचा ड्रायव्हिंग क्लास थाटला. मला ठेवला हा खटारा. वर सगळ्यांना सांगत सुटलाय, "त्या डबड्यात काय शिकणार?"

दोनच विद्यार्थिनी उरल्यात. महिनाअखेरपर्यंत नवं कोणी आलं नाही तर क्लासला कुलूप. गाडीला रंग मीच देणार. बघतेच आता!

५ मार्च

पेंटच्या दुकानात तासभर. मालक म्हणाले, "ताई, साधा ऑइलपेंट घ्या, ब्रशने मारा." म्हटलं, गाडी आहे, खिडकीची जाळी नाही. मग हार्डनर घालायचा रंग काढला. चकाकी टिकते, पण तोंडाला रुमाल चालत नाही, फिल्टरवाला मास्कच लागतो. घेतला. पांढरा नको, पांढरी त्याची आहे. लाल घेतला. स्प्रे गन वर वाटी असलेली, रंग कमी वाया जातो म्हणे.

जाताना विचारतात, "साहेब मारणार का रंग?" साहेब गेले उडत!

६ मार्च

दिवसभर पॉलिश पेपर. बोटं सोलली.

७ मार्च

दोन्ही दारांवर त्याचं नाव, हे एवढाल्या अक्षरांत. क्लास त्याच्या नावाचा, उन्हातान्हात शिकवणारी मी! पेंटरने थरही जाड दिलेत. नाव घासून काढताना बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? हात फिरवला. गुळगुळीत.

९ मार्च

गॅरेजवाल्या काकांनी कॉम्प्रेसर दिला, पण आजच्या दिवसापुरता. एवढासा. अर्धं बॉनेट मारलं की धापा टाकतो, हवा भरेपर्यंत बसा वाट बघत. सकाळी प्रायमरचं अस्तर, दुपारी रंग. दारांना प्रायमर राहिलाच, आणि चार तर वाजून गेलेले. म्हटलं, गुळगुळीत तर आहेत! थेट लाल मारला.

मागे एक ओघळ आलाय. बाकी काय दिसतेय गाडी!

१० मार्च

पाचच्या तिरप्या उन्हात बघितलं. दारावर त्याचं नाव! अक्षर न् अक्षर, लालाखालून वर आलेलं.

काका म्हणाले, "प्रायमर नाही ना दिलास? नव्या रंगातलं थिनर जुन्या थरांच्या कडा फुगवतं, पोरी. दारं परत घासावी लागतील." घाई माझीच. पण मेला रंगातूनसुद्धा डोकं वर काढतो! पलीकडे दारात उभा राहून बघत होता. हसलासुद्धा. मी आत येऊन रडले. राग आला स्वतःचाच.

१३ मार्च

चौकशीचा एक फोन नाही. नाव झाकायला दारांवर कागद लावून तशीच उभी आहे गाडी.

१५ मार्च

फॉर्म भरणारी आली होती. हो, तीच, त्याची बायको. तो बाहेर गेलाय बघून आली. गाडीकडे बघितलंही नाही. म्हणाली, "मॅडम, मला शिकवाल?" मी म्हटलं, घरात शिक्षक आहे की! खाली बघत म्हणाली, "ते शेजारी बसले की पाय कापतात. क्लच चुकला की मारतात."

मलाही मारायचा. अठरा वर्षांत इथेसुद्धा कधी लिहिलं नाही.

उद्या सातला बोलावलंय तिला.