साध्या स्टार्चची पुडी

१४ मार्च

प्रिय वहिनी,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र येऊन महिना झाला; कामाचं निमित्त सांगत नाही. छकुलीचे पेपर कसे गेले? इकडे सगळं ठीक. प्रयोगशाळेत पूड सुकवायचं नवं यंत्र आलंय, संध्याकाळपर्यंत आमच्या भुवया पांढऱ्या होतात.

तू विचारलंस, आतड्याच्या सुजेवरच्या आमच्या चाचणीत दादाला औषधाची पूड मिळाली की नुसती? कुणाला काय दिलं, ती बंद यादी परवा उघडली. नुसती, वहिनी. साधा स्टार्च.

आम्ही स्टार्च असा बदलून घेतो की तो लहान आतड्यात पचत नाही. मोठ्या आतड्यातले जंतू तो फोडतात आणि आत कोंडलेलं औषध नेमकं सुजेवर सुटतं. हे ऐकून दादा हसला होता. "म्हणजे पत्ता घातलेलं पाकीटच की! मधल्या कुणी फोडायचं नाही." दुसऱ्याच दिवशी नाव नोंदवून आला. दीड महिन्याने म्हणाला, "ठमे, तुझ्या पुडीने पोट गार पडलं गं."

दादा गेल्यावर त्याच्या कपाटात जुन्या गोळ्यांची न उघडलेली पाकिटं सापडली, आणि 'मला कळलं कसं नाही' म्हणून तू स्वतःला खातेस. तुला कळलं नाही, कारण त्याने तुझ्यापासून लपवलं. मला सांगितलं होतं. फोनवर.

"जुन्या गोळ्या बंद केल्यात. हिला बोलू नकोस, घर डोक्यावर घेईल."

त्या गोळ्या चालूच ठेवायच्या, हा चाचणीचा नियम मला पाठ होता. मी एवढंच म्हणाले, "डॉक्टरांना सांग हं." पुन्हा विचारलं नाही. दहा वर्षं राबून केलेली पूड माझ्याच भावाला लागू पडली, या आनंदात होते मी.

सव्वीस दिवसांनी रक्त जायला लागलं. ऑपरेशनच्या खोलीबाहेर तू माझा हात धरून बसलीस, तेव्हाही त्या फोनचं तुला सांगितलं नाही.

ज्यांना खरी पूड मिळाली, त्यांतल्या बऱ्याच जणांना आराम पडलाय. लोक अभिनंदन करतात. मी मान डोलावते आणि हात धुवायला जाते.

सोमवारी हे सगळं चाचणीच्या डॉक्टरांना लेखी दिलं. तुला आधी सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. छकुली मोठी झाली की तिला खरं सांग, माझ्याबद्दलही. तू पुन्हा माझा फोन उचलला नाहीस तरी चालेल. पण स्वतःला दोष देऊ नकोस. तो तुझा नाही.

क्षमा मागायचंही तोंड नसलेली,
तुझी नणंद