भाड्यातला तांदूळ

अप्पा,

तुमच्या लेकाला, अण्णाला, देवनागरी वाचता येत नाही, म्हणून निर्धास्तपणे मराठीत लिहितेय. माझ्या मुलींनाही येत नाही. बोललेलं सगळं समजतं त्यांना, उत्तर मात्र तमिळीत येतं. तुम्ही मला बाराखडी गिरवायला बसवलंत तेव्हा मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, इथे तंजावुरात हे कुठे लागणार आहे म्हणून. आज लागतंय बघा. तुमच्याशी भांडायचंय आणि ते बाकी कुणाला कळायला नकोय.

भांडण तुमच्या घरावरून आहे. राजवाड्यामागच्या या माझ्या सासरच्या घरावरून नव्हे, तुम्ही पीएफचं कर्ज काढून गावाबाहेरच्या रस्त्याला बांधलंत त्या दोन खोल्यांच्या घरावरून. तुमच्यामागे ते अण्णाच्या आणि माझ्या नावावर निम्मं निम्मं झालं. भाडेकरू तेच आहेत, कालव्यापलीकडच्या गावाहून मुलांच्या शाळेसाठी आलेले. त्या मुलांतला एक इथेच राहिला, तो वारला; आता त्याची बायको आहे, शिवणयंत्र आहे, पुढच्या खोलीत ब्लाउज शिवते. दर महिन्याला थोडं रोख भाडं देते आणि पोंगल झाला, कापणी झाली की गावच्या शेतातला तांदूळ, सहा पोती. तुमच्या वेळी ठरलं तसंच. त्यातली तीन पोती मी लॉरीने चेन्नईला अण्णाकडे पाठवते, तीन माझ्याकडे राहतात.

आपले ऑडिटर यंदा ऑफिस बंद करून मुलाकडे गेले. तुमचं आयकराचं रिटर्न भरायचे, मग आम्हा दोघांचं भरत आले, आणि घरभाड्याच्या रकान्यात दर वर्षी तोच आकडा टाकत आले, नुसतं रोख भाडं. आता आमचं आम्हाला भरायचं म्हणजे सॉफ्टवेअर निवडणं आलं. जूनमध्ये अण्णाचा फोन आला. त्याने एक शोधून ठेवलं होतं. "अग, काही करायचं नाही. पॅन नंबर टाकायचा, मागच्या वर्षीचं सगळं आपोआप उतरतं. दहा मिनिटांचं काम." आणि त्याच दमात म्हणाला, "तो भाड्याचा आकडा बघितलास? घरपट्टी आणि दुरुस्ती वजा केली तर हातात काय राहतं? गिऱ्हाईक आलंय, विकून टाकू. आडी महिना अशुभ, तो जाऊ दे, ऑगस्टात आवणी लागली की करार करू." मी विचारलं, त्या बाईचं काय? तर म्हणे, "इतकी वर्षं जवळजवळ फुकट राहिलीच ना? घर स्वतःचं पोट भरतं असं दाखव मला, मी पुन्हा विक्रीचं नाव काढणार नाही."

जवळजवळ फुकट. हा शब्द मला इतका झोंबला की फोन ठेवल्यावर बराच वेळ भाजी तशीच अर्धी चिरलेली राहिली. राग अण्णाचा आलाच, पण जास्त तुमचा आला. कारण फुकट हे तुम्ही करून ठेवलंत.

आठवा, मी चौदा वर्षांची आहे. माझं तमिळ अक्षर चांगलं म्हणून भाड्याच्या पावत्या तुम्ही माझ्याकडून लिहवून घेता. पुढे त्या बाईचा सासरा झाला तो माणूस बैलगाडीतून पोती उतरवतोय, आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोजतेय, आणि मी पावतीवर रोख रकमेखाली लिहिते, 'तांदूळ, सहा पोती'. तुम्ही पावती हातात घेता, वाचता, फाडता. "तांदूळ लिहूं नये. तांदूळ घ्यावा. ते प्रेमाचं असतं." तुम्ही गणिताचे मास्तर. अर्ध्या मार्कासाठी मुलाला ताटकळत उभं ठेवणारे. तुमचा आवाज चढला म्हणून मी दुसरी पावती लिहिली, नुसत्या रोख रकमेची. आई मात्र आतून म्हणाली, "प्रेमाचं म्हणे. सहा पोत्यांची ओटी कुणी भरतं होय? भाडंच आहे ते." तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. गाडीवाल्या त्या माणसाने मात्र कागद उलटा करून पाहिला होता, मागे काही लिहिलंय का म्हणून. मला ते दिसलं होतं.

तुम्ही खोटं बोलत होतात असं मला आजही वाटत नाही, आणि तेच अवघड आहे. आपल्याकडे दाणा विकायचा नाही, दाण्याचा हिशेब बाहेर सांगायचा नाही, आलेला तांदूळ आधी देवापुढे ठेवायचा, ही रीत तुम्ही पाळलीत. पण रोख भाडं गल्लीतल्या इतरांपेक्षा निम्म्यावर का होतं? तांदूळ धरूनच ठरवलं होतं ना? मग देवापुढे ठेवला म्हणून तो भाडं राहिला नाही का? जिवंत असतात तर यावर तुम्ही वर्तमानपत्र उघडून बसला असतात. आता नाही उघडता येणार.

तर सॉफ्टवेअर. मी पस्तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काम केलंय, यंत्राला भीत नाही. तीन बघितली. सरकारी संकेतस्थळ फुकट आहे, पण कुकरची शिटी झाली म्हणून उठले की परत येईपर्यंत बाहेर काढतं, पुन्हा पासवर्ड, पुन्हा ओटीपी. चार वेळा उठले, चार वेळा काढलं. दुसरं अण्णाचं. दिसायला देखणं, हिरवं-निळं, दर पानावर शाबासकी देतं. पॅन टाकला तर खरंच मागच्या वर्षीचं सगळं उतरलं आणि भाड्याच्या चौकोनात तोच जुना आकडा येऊन बसला. खाली विचारलं, 'काही बदल नाही ना?' आणि 'नाही'चं बटण आधीच रंगवलेलं. त्या बटणाकडे बघत मी बसले. ते दाबलं असतं तर ती बाई आवणीत रस्त्यावर, आणि कुणी कुणाशी खोटं बोललं असंही झालं नसतं. बंद केलं.

तिसरं दिसायला अगदी रुक्ष, आपल्या तालुका कचेरीसारखं. वर्षाचे पैसेही बरेच घेतं. पण त्यात भाड्याचा चौकोन कोरा येतो. घर कितीजणांचं, तुमचा वाटा किती, भाडेकरूकडून वर्षभरात काय काय मिळालं, एकेक विचारतं आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकत नाही. शिवाय मागच्या वर्षांची रिटर्नंही त्यातून दुरुस्त करता येतात, कायदा जितकं मागे जाऊ देतो तितकी, जास्तीचा कर भरून. मी तेच घेतलं. मुलगी म्हणाली, "अम्मा, महाग आहे." म्हटलं, असू दे.

मग तांदळाच्या दुकानात जाऊन त्याच जातीच्या तांदळाचा कापणीच्या वेळचा भाव लिहून घेतला. सहा पोत्यांची किंमत वर्षाच्या रोख भाड्याच्या जवळजवळ बरोबरीला आली. घरपट्टी गेली, दुरुस्ती गेली, तरी उरतं, अप्पा. तुमचं घर चांगलं पोट भरून आहे. एवढी वर्षं ते उपाशी दिसत होतं, कारण त्याचं अर्धं जेवण आपण लिहीतच नव्हतो.

अण्णाला फोन केला. वाटा निम्मा निम्मा, म्हणजे दोघांच्या रिटर्नात एकच गोष्ट दिसायला हवी; माझं एक आणि त्याचं एक असं चालणार नाही. तो भडकला. "हात दाखवून अवलक्षण कशाला? झाकली मूठ राहू दे. तू अप्पांना चोर ठरवतेस." मी म्हटलं, "मी तांदळाला भाडं म्हणतेय, एवढंच. तू दुपारी काय जेवलास?" "ते कशाला आता?" "सांग ना. कुठल्या तांदळाचा भात?" मागून वहिनींचा तमिळ आवाज आला, यंदाचा तांदूळ फार छान आहे, पुढचं पोतं कधी पाठवणार विचारा. मी हसले नाही. अण्णा म्हणाला, "जास्तीचा कर भरावा लागेल." म्हटलं, भरू. "मागच्या वर्षांचाही?" म्हटलं, तोही भरू, तुझा वाटा तुला जड होत असेल तर मी देते, पण घर विकायचं नाही आणि त्या बाईला फुकट म्हणायचं नाही.  मग म्हणाला, "तू बोलायला लागलीस की आईच बोलतेय असं वाटतं. भर. माझा ओटीपी आला की सांगतो." गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्या दिवशी नाही म्हणून कळवलं.

शनिवारी टाउन बस पकडून घरी गेले, तुमच्या त्या घरी. ती मशीनवर होती, तोंडात टाचणी. मी सांगितलं, यंदापासून पावतीवर तांदूळही लिहिणार. आधी ती घाबरली, टाचणी काढून म्हणाली, "का अक्का? भाडं वाढवताय का?" म्हटलं, नाही, आहे तेच लिहिणार. पावती लिहून हातात दिली, रोख इतकी, तांदूळ सहा पोती, भाड्यापोटी मिळाला. तिने मोठ्याने वाचली. पुन्हा वाचली. मग पावतीची घडी घालत म्हणाली, "या गल्लीत सगळे म्हणतात, दयेवर राहते मी. माझी मुलगीसुद्धा एकदा म्हणाली. सासरे मरेपर्यंत विचारत होते, तांदळाचा कागद कुठाय?" तिचे डोळे भरले नाहीत, माझे भरले. तिने पाणी आणून दिलं आणि सरळ विचारलं, "मागच्या वर्षांच्याही द्याल?"

दिल्या. तिच्या कापायच्या टेबलावर बसून अकरा वर्षांच्या लिहिल्या, तुम्ही गेल्यापासूनच्या, सगळ्यांवर माझी सही. लिहिता लिहिता कळलं की मी इतका वेळ तुमच्याशी भांडतेय, आणि ही अकरा वर्षं तर तुमची नव्हतीच. तांदूळ मी उतरवून घेतला, मी शिजवला, मी चेन्नईला पाठवला, ऑडिटरपुढे सही मी केली. दर वर्षी मनात म्हणत होते, अप्पांची रीत आहे. तुमचं नाव पुढे केलं की मला काही विचारावं लागत नव्हतं.

अकरा झाल्यावर तिने विचारलं, "आणि त्याच्या आधीच्या? सासऱ्यांच्या वेळच्या, बैलगाडीतून पोती यायची तेव्हाच्या?" तुमच्या वर्षांवर मला सही करता येत नाही. एवढं सांगितलं असतं तरी तिला पटलं असतं. पण मी कानांवर हात ठेवले. म्हटलं, "तेव्हाचं मला काही ठाऊक नाही. मी लहान होते."